विश्लेषण : पुण्यातील कॉलेजची वेधशाळा कोडाईकनालला का गेली? आज सर्वसामान्यांना दुर्बिणीतून आकाश कुठे पाहता येते?

दापोडीत पवना नदी मुळेला मिळते. तीच मुळा पुढे खडकीला वळसा घालून संगमावर मुठेला मिळते. या संगमाजवळच्या कॉलेजच्या आवारात १८८८ मध्ये एक वेधशाळा उभी राहिली होती. तिच्यातील २० इंची दुर्बीण त्या काळी देशातील सर्वात मोठ्या दुर्बिणींमध्ये गणली जात असे. आज त्या वेधशाळेची आठवण खगोलाच्या अभ्यासकांपलीकडे फारशी कुणाला नाही. दापोडीच्या गच्चीवरून दिसणारे तारेही दरवर्षी कमी होत चालले आहेत. मात्र विद्यापीठाच्या पातळीवरील खगोलशास्त्र पुण्यातून संपलेले नाही. ते आधी गणेशखिंडीत आणि तिथून आंबेगाव तालुक्यातील डोंगरावर गेले आहे. हा प्रवास कसा झाला आणि त्यात सर्वसामान्यांना जागा कुठे आहे, हे समजून घेऊ.

दापोडीहून किती तारे दिसतात?

काळोख्या गावात, अमावास्येच्या आसपास, निरभ्र रात्री नुसत्या डोळ्यांनी एका वेळी दोन-अडीच हजार तारे दिसू शकतात. मोठ्या शहराच्या मध्यावर हीच संख्या शे-दीडशेपर्यंत खाली येते. याचे कारण रस्त्यावरचे दिवे, कारखान्यांचे फ्लडलाइट, जाहिरातींचे फलक आणि सोसायट्यांच्या पार्किंगमधील उजेड. यातील बराच प्रकाश वर किंवा आडवा जातो. हवेतील धूळ, धूर आणि बाष्प यांवर तो विखुरतो आणि सारे आकाश करड्या-नारिंगी रंगाने उजळते. तारे जागच्या जागीच असतात, पण मागची पाटी काळी न राहिल्याने त्यावरची खडूची रेघ उमटत नाही.

दापोडीकरांसाठी याची सोपी चाचणी म्हणजे ध्रुवतारा. एखाद्या ठिकाणाचा अक्षांश जितका, तितक्याच अंशांवर तिथे ध्रुवतारा दिसतो. दापोडी साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. हात लांब करून धरलेली मूठ सुमारे दहा अंशांची असते. म्हणजे उत्तर क्षितिजापासून दोन मुठींच्या जरा खाली ध्रुव सापडायला हवा. पण दापोडीच्या उत्तरेला भोसरी आणि पुढे चाकण आहे, म्हणजे औद्योगिक पट्ट्याचा सगळा उजेड त्याच बाजूला. शिवाय इतक्या कमी उंचीवरच्या ताऱ्याचा प्रकाश डोक्यावरच्या ताऱ्याच्या तुलनेत तिप्पट हवेतून येतो. ध्रुव मध्यम तेजाचाच तारा आहे. त्यामुळे अनेक रात्री तो शोधावाच लागतो. दक्षिणेकडे किंवा डोक्यावर पाहिले तर मात्र परिस्थिती थोडी बरी असते.

संगमाजवळची वेधशाळा कोणाची होती?

तिचे नाव महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा. ती उभी करणारे कावसजी दादाभाई नायगमवाला (१८५७-१९३८) हे मुंबई विद्यापीठात शिकलेले पारशी प्राध्यापक. ते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवत असताना १८८२ मध्ये भावनगरचे महाराज तख्तसिंगजी यांनी कॉलेजला भेट दिली. वर्णपटशास्त्राची प्रयोगशाळा व्हावी म्हणून त्यांनी पाच हजार रुपये दिले आणि मुंबई सरकारनेही तेवढीच रक्कम घातली.

प्रकाश त्रिकोणी काचेतून गेला की त्याचे रंग वेगळे होतात आणि त्या रंगपट्टीत काही ठळक रेघा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघा ठरलेल्या असतात. या रेघा ओळखल्या की हजारो प्रकाशवर्षे दूरच्या वस्तूत काय काय आहे ते बसल्या जागी सांगता येते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे शास्त्र नवे होते. नायगमवाला १८८४ मध्ये इंग्लंडला गेले. तिथल्या खगोलशास्त्रज्ञांशी, विशेषतः सर नॉर्मन लॉकियर यांच्याशी झालेल्या चर्चेनंतर प्रयोगशाळेऐवजी पूर्ण वेधशाळाच उभारायचे ठरले. पुढे त्यांची बदली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये झाली आणि वेधशाळाही पुण्यात आली. ग्रब या नामांकित कंपनीकडून आलेली मोठी परावर्ती दुर्बीण हे तिचे मुख्य साधन होते.

१८५४ पासूनची परंपरा सांगणारे हे कॉलेज पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झाले. आज ते सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. दापोडीहून मेट्रोने शिवाजीनगरला उतरले की ते हाकेच्या अंतरावर आहे. याच संस्थेच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला ‘स्वयम्’ हा छोटा उपग्रह जून २०१६ मध्ये इस्रोच्या पीएसएलव्ही-सी ३४ मधून अवकाशात गेला. आकाशाशी या आवाराचे नाते त्याहून शंभरावर वर्षे जुने आहे.

या वेधशाळेत काय शोधले गेले?

मृग नक्षत्रात तीन ताऱ्यांचा जो बाण दिसतो, त्याच्या दक्षिणेला एक धूसर ठिपका आहे. तो सुमारे तेराशे प्रकाशवर्षे दूर असलेला वायूचा प्रचंड ढग असून तिथे नवे तारे जन्माला येत आहेत. त्याच्या वर्णपटात एक ठळक हिरवी रेघ दिसते. ही रेघ कशाची, यावरून त्या काळी मोठा वाद होता. लॉकियर यांचे म्हणणे होते की अवकाशातील बहुतेक वस्तू उल्कांच्या थव्यांपासून बनल्या आहेत आणि ही रेघ उल्कांमधील मॅग्नेशियमची आहे. मॅग्नेशियमची खूण खरी असेल तर रेघ एका बाजूला पसरट, पन्हाळीसारखी दिसायला हवी होती.

नायगमवाला यांनी पुण्यातून या तेजोमेघाचे वेध घेतले. १८९१ मध्ये लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी आपला निष्कर्ष मांडला. रेघ प्रत्येक वेळी सरळ आणि धारदार दिसते, पसरट भाग कुठेही आढळत नाही, असा तो होता. लॉकियर हे जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ होते आणि वेधशाळा उभारताना त्यांचाच सल्ला मिळाला होता. तरी पुण्यातील प्राध्यापकाने त्यांच्या सिद्धांताच्या विरोधात जाणारी नोंद जशी दिसली तशी छापली.

या रेघेचे खरे मूळ कळायला १९२७ साल उजाडले. अमेरिकी शास्त्रज्ञ आयरा बोवेन यांनी दाखवले की ती दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे. अत्यंत विरळ वायूतच ती उमटते आणि पृथ्वीवरील प्रयोगशाळेत इतकी विरळ स्थिती निर्माण करणे अवघड असल्याने ती ओळखता आली नव्हती. मॅग्नेशियमचा तिच्याशी काही संबंध नव्हता. पुण्याची नोंद बरोबर निघाली.

जेऊरचे ग्रहण काय होते?

२२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची सावली महाराष्ट्रावरून गेली. पुण्या-मुंबईत प्लेगचे दिवस होते. अशा वेळी नायगमवाला आपली साधने घेऊन सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यातल्या जेऊरला गेले. रेल्वेमार्गावरचे हे गाव ग्रहणाच्या पट्ट्यात होते. अमेरिकेतील लिक वेधशाळेची तुकडीही डब्ल्यू. डब्ल्यू. कॅम्पबेल यांच्या नेतृत्वाखाली जेऊरलाच तळ ठोकून होती. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची. एवढ्या वेळात सूर्याच्या प्रभामंडळाची छायाचित्रे आणि वर्णपट घ्यायचे होते. पुण्याच्या तुकडीने ते काम पार पाडले आणि त्याचा सविस्तर अहवाल १९०२ मध्ये प्रसिद्ध झाला. परदेशी मोहिमांच्या बरोबरीने भारतीय शास्त्रज्ञाने स्वतःची मोहीम नेण्याचे ते महत्त्वाचे उदाहरण मानले जाते.

याच ग्रहणासाठी लॉकियर कोकणात विजयदुर्गला आले होते. विजयदुर्गावरून हेलियमचा शोध लागला, असे अनेकदा सांगितले जाते. त्या शोधाशी जोडलेल्या नोंदी १८६८ च्या आहेत आणि लॉकियर त्या वर्षी इंग्लंडमध्येच होते. विजयदुर्गला ते तीस वर्षांनी आले.

वेधशाळा बंद का पडली?

ही वेधशाळा जवळजवळ पूर्णपणे एका माणसावर उभी होती. नायगमवाला शिकवत, वेध घेत, साधने दुरुस्त करवून घेत आणि पैशांसाठी सरकारशी पत्रव्यवहारही करत. पुढे त्यांना अध्यापनातून मोकळे करून वेधशाळेचे काम देण्यात आले, पण त्यांच्यामागे काम चालवणारी दुसरी फळी तयार झाली नाही. दरम्यान, सरकारने तमिळनाडूतील कोडाईकनालच्या डोंगरावर सौर वेधशाळा उभारली होती आणि खगोलशास्त्राचा सरकारी खर्च तिथे एकवटला होता.

१९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले. त्याबरोबर पुण्याची वेधशाळा बंद करण्यात आली आणि साधने कोडाईकनालला पाठवण्यात आली. २० इंची दुर्बीण पुढे ‘भावनगर दुर्बीण’ याच नावाने ओळखली गेली. पुण्याच्या कॉलेजकडे मात्र दुर्बीण राहिली नाही आणि ती हाताळायला शिकणारे विद्यार्थीही राहिले नाहीत. विद्यापीठातील मोठी दुर्बीण पुन्हा पुणे जिल्ह्यात यायला ९४ वर्षे लागली.

मधल्या काळात आकाशाची आवड टिकवली ती हौशी मंडळींनी. १९४४ मध्ये पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. हौशी आकाशनिरीक्षकांची ही देशातील सर्वात जुन्या संस्थांपैकी एक. टिळक रस्त्यावरील टिळक स्मारक मंदिराच्या वास्तूतून तिचे काम चालते.

आयुका म्हणजे नेमके काय?

आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी केंद्र, म्हणजेच आयुका, ही संस्था विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८८ मध्ये स्थापन केली. डॉ. जयंत नारळीकर तिचे संस्थापक संचालक. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात ती असली, तरी एकट्या पुणे विद्यापीठाची नाही. देशातील कोणत्याही विद्यापीठातील प्राध्यापक किंवा विद्यार्थी इथे येऊन काम करू शकतो. एकेका विद्यापीठाला मोठी दुर्बीण, संगणक आणि ग्रंथालय परवडत नाही. तेव्हा सर्वांसाठी एकच सामाईक केंद्र असावे, ही त्यामागची कल्पना. एका माणसाबरोबर संस्था संपण्याचा जो अनुभव १९१२ मध्ये आला, त्यावर हा एक उपायच म्हणता येईल.

वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी आराखडा केलेल्या या संकुलाचे लोकार्पण २८ डिसेंबर १९९२ रोजी नोबेल विजेते एस. चंद्रशेखर यांच्या उपस्थितीत झाले. दापोडीहून सरळ रेषेत मोजले तर हे ठिकाण तीन-चार किलोमीटरांवरच आहे.

तिथला फुको लंबक शाळकरी मुलांना हमखास थांबवतो. लांब तारेला टांगलेला जड गोळा झोके घेत राहतो आणि त्याच्या झोक्याची दिशा हळूहळू वळताना दिसते. खरे तर झोका त्याच दिशेत राहू पाहतो आणि खालची जमीन पृथ्वीबरोबर फिरते. ध्रुवावर ही दिशा सुमारे २४ तासांत पूर्ण फिरेल, विषुववृत्तावर अजिबात फिरणार नाही. पुण्याच्या अक्षांशावर ती तासाला पावणेपाच अंशांच्या आसपास वळते आणि पूर्ण फेरीला सुमारे ७६ तास लागतात. पृथ्वी फिरते हे पुस्तकात वाचलेले वाक्य इथे अर्ध्या तासात डोळ्यांना दिसते.

दुर्बीण पुण्यात न ठेवता गिरवलीला का नेली?

आयुकाची दोन मीटर व्यासाची दुर्बीण आंबेगाव तालुक्यात घोडेगावजवळ गिरवलीच्या डोंगरावर आहे. पुण्यापासून अंतर सुमारे ८० किलोमीटर, उंची सुमारे एक हजार मीटर. ब्रिटनमध्ये तयार झालेली ही दुर्बीण २००६ मध्ये सुरू झाली.

दुर्बिणीची ताकद मुख्यतः तिच्या आरशाच्या क्षेत्रफळावर ठरते. काळोखात माणसाची बाहुली फार तर सात मिलिमीटर उघडते. नायगमवाला यांची २० इंची दुर्बीण डोळ्यापेक्षा सुमारे पाच हजार पट प्रकाश गोळा करत होती. दोन मीटरचा आरसा ८० हजार पटींहून अधिक प्रकाश गोळा करतो. पण आरसा कितीही मोठा असला तरी शहराचा उजेडही तो तितक्याच पटीने गोळा करतो. ताऱ्याचा मंद प्रकाश त्यात हरवतो. म्हणून जागा निवडताना काळोख, स्वच्छ हवा आणि उंची या तिन्ही गोष्टी पाहाव्या लागतात. पावसाळ्यात घुमट बंदच ठेवावा लागतो. त्यामुळे मुख्य काम पावसाळा संपल्यापासून उन्हाळ्यापर्यंत चालते.

या दुर्बिणीला डोळा लावून कुणी बसत नाही. तिच्यामागे कॅमेरा आणि वर्णपटदर्शक बसवलेला असतो आणि शास्त्रज्ञ संगणकासमोर असतात. विद्यापीठांतील संशोधक आधी प्रस्ताव पाठवतात. कोणती वस्तू पाहायची, किती रात्री हव्यात आणि त्यातून काय कळेल, हे पटवून द्यावे लागते. मग रात्री वाटून मिळतात. मिळालेल्या रात्री ढग आले तर नशीब. एखाद्या छोट्या शहरातील कॉलेजच्या प्राध्यापकाला आणि त्याच्या विद्यार्थ्याला खऱ्या आकाशाच्या नोंदी मिळवण्याची ही संधी असते.

गिरवलीहून फार दूर नसलेल्या जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ खोडद येथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या मिळून ती एकच दुर्बीण म्हणून काम करते. तिला प्रकाशाचा त्रास नाही, मात्र मोबाइल टॉवर, वाहने आणि यंत्रे यांतून निघणाऱ्या रेडिओ लहरींचा आहे. दोन्ही दुर्बिणींना शहराच्या गजबजाटापासून दूर जागा हवी होती, फक्त प्रत्येकीचा गजबजाट वेगळा.

सर्वसामान्यांना कुठे आणि कधी जाता येते?

सर्वात मोठी संधी म्हणजे २८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन. त्या निमित्ताने आयुकाचे दरवाजे सर्वांसाठी उघडतात. शास्त्रज्ञांची व्याख्याने, प्रयोग, प्रश्नोत्तरे आणि आकाश मोकळे असेल तर रात्री दुर्बिणीतून निरीक्षण असा कार्यक्रम असतो. मोठ्या गर्दीत शाळांच्या सहलीही असतात. खोडदलाही विज्ञान दिनाला मोठे प्रदर्शन भरते आणि जुन्नर-आंबेगावच्या शाळांतील मुले आपले प्रकल्प घेऊन येतात.

आयुकाच्या आवारातील मुक्तांगण विज्ञान शोधिका ही मुलांसाठीची जागा. पु. ल. देशपांडे यांच्या स्मरणार्थ मिळालेल्या देणगीतून उभ्या राहिलेल्या इमारतीला ‘पुलस्त्य’ नाव आहे. पुलस्त्य हा सप्तर्षींतील एक तारा, आणि त्यात ‘पुल’ही आहेत. टाकाऊ वस्तूंपासून विज्ञान खेळणी बनवणारे अरविंद गुप्ता यांनी अनेक वर्षे इथेच काम केले. काडेपेटीच्या काड्या, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणि जुन्या चपला यांतून भूमिती आणि भौतिकशास्त्र शिकवण्याची त्यांची पद्धत देशभर गेली.

दापोडी-पिंपरी परिसरातील कुटुंबांना चिंचवडचे सायन्स पार्क आणि तिथले तारांगण जवळ पडते. तारांगणात घुमटावर कृत्रिम आकाश दाखवले जाते. तिथे नक्षत्रांची ओळख होते, ढग किंवा उजेडाची अडचण येत नाही. मात्र ती वेधशाळा नव्हे. खऱ्या दुर्बिणीतून खरे आकाश पाहायचे असेल तर हौशी संस्थांचे आकाशदर्शन कार्यक्रम हा उत्तम मार्ग आहे.

गिरवली आणि खोडद ही कामाची ठिकाणे असल्याने तिथे आधी परवानगी घेऊनच जावे. थेट डोंगरावर पोहोचून फाटकातून परत फिरण्याची वेळ येऊ शकते. कोणत्याही कार्यक्रमाच्या वेळा दरवर्षी बदलतात, त्यामुळे संस्थेची अधिकृत सूचना पाहून निघणे चांगले.

दुर्बिणीतून खरोखर काय दिसते?

पहिल्यांदा दुर्बिणीला डोळा लावणाऱ्या अनेकांची थोडी निराशा होते. मोबाइलवर पाहिलेले लाल-निळे तेजोमेघ तिथे दिसत नाहीत. ती छायाचित्रे कॅमेऱ्याने कित्येक मिनिटे किंवा तास प्रकाश साठवून घेतलेली असतात. डोळा प्रकाश साठवू शकत नाही आणि मंद उजेडात त्याला रंगही नीट कळत नाहीत. त्यामुळे तेजोमेघ करडा दिसतो. मोठ्या दुर्बिणीतून मृगातील तेजोमेघात किंचित हिरवट छटा जाणवते. त्यात नायगमवाला यांनी पाहिलेल्या त्याच हिरव्या रेघेचा वाटा असतो.

चंद्र, गुरू आणि शनी मात्र कुणाला निराश करत नाहीत. चंद्र पाहायचा तर पौर्णिमा टाळावी. अष्टमीच्या आसपास प्रकाश-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या लांब सावल्या पडतात आणि डोंगर उठून दिसतात. गुरूचे चार मोठे उपग्रह साध्या द्विनेत्रीतूनही दिसू शकतात आणि दुसऱ्या रात्री त्यांच्या जागा बदललेल्या असतात. शनीची कडी पाहण्यासाठी छोटी दुर्बीण पुरते. या तिन्ही वस्तू तेजस्वी असल्याने शहराच्या उजेडाचा त्यांना फारसा फरक पडत नाही. दापोडीच्या गच्चीवरूनही त्या तितक्याच चांगल्या दिसतात.

काही पथ्ये पाळली की जास्त दिसते. डोळ्यांना काळोखाची सवय व्हायला २० ते ३० मिनिटे लागतात आणि मोबाइलचा पडदा एकदा पाहिला की ती सवय मोडते. उजेड हवाच असेल तर टॉर्चवर लाल कागद लावावा. आणि दुर्बीण किंवा द्विनेत्री कधीही सूर्याकडे रोखू नये, डोळा कायमचा जाऊ शकतो.

दुर्बीण नसली तरी करता येण्याजोगा एक प्रयोग दिवसाचा आहे. पुणे परिसरात १३-१४ मेच्या सुमारास भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीची सावली काही क्षण नाहीशी होते. हा शून्य सावलीचा दिवस. जुलैच्या अखेरीस तो पुन्हा येतो, पण तेव्हा बहुधा ढग असतात.

गिरवलीचा काळोख टिकेल का?

दापोडीहून गिरवलीला जायचे तर नाशिक फाट्यावरून भोसरी, मोशी, चाकण, राजगुरुनगर, मंचर असा रस्ता धरावा लागतो. वीस-पंचवीस वर्षांत या रस्त्याच्या दोन्ही बाजू किती बदलल्या, हे इथला प्रत्येक कामगार सांगू शकतो. कारखाने, गोदामे, गृहप्रकल्प, ढाबे, पेट्रोल पंप आणि त्यांचे रात्रभर जळणारे दिवे. या पट्ट्याने लाखो लोकांना रोजगार दिला. रात्रपाळी करून घरी परतणाऱ्यांना, विशेषतः महिलांना, उजेडाचा रस्ता हवाच. वेधशाळेसाठी दिवे बंद करा, असे कुणी म्हणू शकत नाही.

प्रश्न दिव्यांच्या संख्येइतकाच त्यांच्या रचनेचा आहे. वरून टोपी असलेला दिवा सगळा प्रकाश रस्त्यावर टाकतो. कमी वॅटमध्ये तितकाच उजेड मिळतो आणि विजेचे बिलही कमी येते. पांढऱ्या-निळसर एलईडीचा प्रकाश हवेत जास्त विखुरतो, पिवळसर एलईडीचा कमी. रात्री अकरानंतर गिऱ्हाईक नसलेल्या जाहिरात फलकाचे दिवे बंद करता येतात. गोदामाच्या मागच्या भिंतीवर माणूस आला तरच लागणारा दिवा पुरतो.

असे प्रयत्न देशात झाले आहेत. लडाखमधील हानले परिसर २०२२ मध्ये काळोख्या आकाशाचे राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला. तिथल्या घरांनी जाड पडदे आणि झाकलेले दिवे स्वीकारले आणि गावातील तरुणांना पर्यटकांना आकाश दाखवण्याचे काम मिळाले. महाराष्ट्रात पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, देशातील अशी पहिलीच. त्यासाठी आसपासच्या गावांतील रस्त्यांचे दिवे बदलण्यात आले. चाकणच्या पट्ट्याला हे जसेच्या तसे लागू होणार नाही. पण नवे दिवे बसवताना टोपी असलेले घ्यायचे, एवढा निर्णय ग्रामपंचायत, सोसायटी किंवा कारखाना आपल्या पातळीवर घेऊ शकतो.

१९१२ मध्ये पुण्याची वेधशाळा गेली तेव्हा माणूस आणि पैसा नव्हता. आज दोन्ही आहेत, दुर्बीणही आहे. कमी पडू शकतो तो काळोख. गिरवलीच्या आकाशात शहराचा उजेड पोहोचला, तर पुढची दुर्बीण आणखी लांब न्यावी लागेल आणि पुण्या-पिंपरीच्या विद्यार्थ्यांपासून ती तितकीच दूर जाईल.

आज रात्री काय पाहता येईल?

डिसेंबर ते मार्च या काळात संध्याकाळनंतर मृग नक्षत्र चांगले वर आलेले असते. दापोडीहून ते दक्षिणेकडे, क्षितिजापासून बरेच उंच जाते, त्यामुळे भोसरी-चाकणच्या उजेडाचा त्रास कमी होतो. बाणाचे तीन तारे शहरातूनही सहज दिसतात. गच्चीवरचा दिवा बंद करावा, पंधरा-वीस मिनिटे थांबावे आणि त्या तीन ताऱ्यांच्या दक्षिणेला साधी द्विनेत्री लावावी. तिथे ताऱ्यांच्या छोट्या ओळीत एक ठिपका कापसासारखा पसरलेला दिसेल. नदीच्या खालच्या अंगाला, संगमाजवळच्या वेधशाळेतून १८९१ च्या सुमारास नायगमवाला ज्याची हिरवी रेघ तपासत होते, तो तेजोमेघ हाच.